ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: ४ स्टार, आणि माझ्या नावावर दुसऱ्याची केस चिकटवणाऱ्या रिपोर्टवाल्यांना शून्य

आधीच सांगतो, रिव्ह्यू सरकारी ॲपचा आहे, ई-कोर्ट्स सर्व्हिसेस, कोर्टातल्या केसेस शोधायचं ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि बहुतेकांच्या फोनमध्ये नसतं कारण ज्याची कोर्टात तारीख चालू नाही तो कशाला घेईल. मी पण घेतलं नसतं. पण भाड्याने राहणाऱ्या माणसाने त्यात एकदा तरी स्वतःचं नाव टाकून बघावं असं माझं आता पक्कं मत झालंय. का ते जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

नाशिकला इंदिरानगरमध्ये एक टू बीएचके बघितला होता, मुलीची शाळा जवळ, अंबडला कंपनीत जायला मला बरं, बायकोला स्वयंपाकघर आवडलं म्हणजे विषयच संपला. मालक काका बँकेतून रिटायर झालेले, बोलायला एकदम साधे, भाडं-डिपॉझिट ठरलं, टोकन दिलं, आणि मग ब्रोकर म्हणतो काकांच्या मुलाने पुण्याहून सांगितलंय की आधी टेनंट बॅकग्राउंड रिपोर्ट काढा, हल्ली सगळेच काढतात, फी तेवढी तुम्ही भरा. म्हटलं काढा, आपल्याकडे लपवायला आहे काय. आधार दिलं, पॅन दिलं, पेमेंट केलं. मग ब्रोकरचा फोन, आवाज जरा खाली आणून, "भाऊ, तुमच्या नावावर घर खाली करायची केस निघालीय म्हणे. काका नाही म्हणतायत."

रिपोर्ट मागवून बघितला तर लाल चौकटीत एक ओळ, 'सिव्हिल लिटिगेशन, इव्हिक्शन, नाशिक, २०१७, हाय रिस्क'. बस. केस नंबर नाही, कोर्टाचं नाव नाही, समोरची पार्टी कोण ते नाही, निकाल काय लागला ते नाही. आमच्या घरात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे इतक्या वेळा ऐकलंय की मी सीबीएस बस स्टँडवरून जाताना कोर्टाच्या बाजूचा फूटपाथ पण धरत नाही, आणि इथे मी म्हणे भाडेकरू म्हणून बाहेर काढलेला माणूस. कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार करायची तिथे केलीय, आणि असल्या कंपन्या एक नाही, बऱ्याच आहेत, आज या, उद्या दुसऱ्या.

तर ॲपकडे येतो. ऑफिसमधल्या एका मित्राचा गावाकडे बांधाचा वाद चालू आहे, निफाड कोर्टात, त्याच्या फोनमध्ये हे ॲप होतं, त्याने दाखवलं. राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, मग कोर्टाची इमारत निवडायची, मग पार्टीचं नाव, वर्ष, आणि चालू केस हवी की निकाली की दोन्ही ते. निदान तीन अक्षरं टाकावी लागतात. आता माझं नाव-आडनाव असं आहे की सातपूरच्या कुठल्याही गल्लीत हाक मारा, तीन जण वळून बघतील. त्यामुळे २०१७ टाकल्यावर यादी आली ती बरीच लांब, चेक बाऊन्स, वाटप, मोटार अपघात, सगळं माझ्या नावाचं आणि त्यातलं काहीच माझं नाही. एक क्षण वाटलं आपण चांगलेच गुन्हेगार आहोत. एकेक उघडत गेलो आणि सापडली ती.

आर.सी.एस., म्हणजे रेग्युलर सिव्हिल सूट. प्रतिवादीचं नाव माझं, आडनाव माझं, आणि मधलं नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांचं! आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत बापाचं नाव मध्ये असतं ते उगाच का, एवढ्या लोकसंख्येत माणूस ओळखायचा दुसरा सोपा मार्गच नाही. आणि या रिपोर्टवाल्यांच्या फॉर्ममध्ये रकाने दोनच, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम. मधलं नाव विचारतच नाहीत, आणि कोर्टाच्या रेकॉर्डमधून उचलताना पण कापून टाकतात. कोर्टाने सगळं बरोबर लिहिलं होतं, चूक नंतर उतरवून घेणाऱ्यांची. हे लक्षात ठेवा, कारण अशा वेळी माणूस घाबरून कोर्टात रेकॉर्ड सुधारायला अर्ज करायच्या मागे लागतो, आणि तिथे सुधारायला काही नसतंच.

पुढे मजा आणखी आहे. केस उघडली की खाली सगळं दिसतं, दाखल कधी झाली, पहिली तारीख, कायदा आणि कलम, प्रत्येक तारखेला काय झालं, आणि निकाल कसा लागला त्याचा प्रकार. इथे कायदा होता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६, आणि निकालाच्या जागी 'अनकंटेस्टेड, विथड्रॉन'. ऑर्डरची पीडीएफ पण होती, चार ओळींची, की वादीने पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, दावा काढून घेतला, प्रकरण निकाली. आणि दावा कशाचा, तर पंचवटीतल्या एका गाळ्याचा. राहत्या घराचा पण नाही, दुकानाचा! म्हणजे माणूस मी नाही, जागा घर नाही, आणि ज्याच्यावर केस होती त्याला पण कुणी बाहेर काढलेलं नाही. एका ओळीच्या रिपोर्टमध्ये एवढ्या चुका बसवायला पण कौशल्य लागतं.

इथे जरा थांबतो कारण हे लोकांना माहीत नसतं, मला पण नव्हतं. दावा लागला म्हणजे घर खाली झालं असं नसतं हो. मालक दावा टाकतो, समन्स निघतं, भाडेकरू कैफियत म्हणजे लेखी उत्तर देतो, पुरावा होतो, युक्तिवाद होतो, मग कधीतरी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा हुकूम. त्यावर अपील. ते पण संपलं आणि भाडेकरू तरी उठत नसेल तर मालकाला हुकूम अमलात आणायची दरखास्त टाकावी लागते आणि मग ताब्याचं वॉरंट घेऊन बेलिफ दारात येतो. थकलेल्या भाड्याचा दावा असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये अशी सोय आहे की समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासकट आणि दाव्याच्या खर्चासकट भरली, आणि पुढचं भाडं पण वेळेवर भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. म्हणजे दाव्याचं टोक दहा प्रकारे लागू शकतं, मिटलं, काढून घेतला, फेटाळला, लोकअदालतीत तडजोड झाली. रिपोर्टवाल्यांच्या मशीनला फक्त 'रेंट कंट्रोल' आणि 'डिस्पोज्ड' हे दोन शब्द दिसले आणि त्यांनी परस्पर निकाल लावून टाकला.

आणि माझं तरी ठीक, माझी केसच नव्हती. तो जो माझ्या नावाचा पंचवटीवाला भाऊ आहे त्याचं काय? त्याची खरोखर केस होती, मालकानेच परत घेतली, आणि तरी त्याने उद्या कुठे घर बघितलं की त्याच्या पण नावापुढे लाल चौकट. त्याने तर कुठल्या तोंडाने सांगायचं की हा मी नाही.

आता भांडण कसं केलं ते. आधी कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं की आमचा डेटा पब्लिक सोर्समधून येतो आणि आम्ही त्याच्या अचूकतेची हमी देत नाही. हमी देत नाही तर लाल रंग कशाला लावता रे? फोन नंबर नाही, चॅटमध्ये बॉट, बॉटला 'चुकीची केस' म्हटलं की तो नवीन रिपोर्टचे प्लॅन दाखवतो. मग बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीने मेहेर सिग्नलजवळ बसणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सीएनआर आहे का?" सीएनआर म्हणजे केसचा ओळख नंबर, तो ॲपमध्येच असतो, १६ अक्षर-अंकांचा, सुरुवातीला राज्य आणि जिल्हा, आपल्या नाशिकचा एमएचएनएस ने सुरू होतो, शेवटचे चार आकडे वर्षाचे. हा एक नंबर दिला की देशात कुठूनही तीच केस उघडते, नावांचा घोळच नाही. मॅडम म्हणाल्या यापुढे कुणाशी बोलाल तर नावाने बोलू नका, सीएनआरने बोला. ॲपमध्ये 'माय केसेस'मध्ये ती सेव्ह करून ठेवता येते. दुसऱ्याची केस माझ्या यादीत ठेवताना कसंसंच झालं, पण ठेवली.

ॲपवरून उतरवलेली ऑर्डर माहितीपुरती असते, तिला सर्टिफाइड नक्कल कुणी म्हणत नाही. म्हणून नक्कल विभागात अर्ज. आपण केसमधले पक्षकार नसलो की त्रयस्थ म्हणून कारण लिहून द्यावं लागतं, आम्ही लिहिलं की नामसाधर्म्यामुळे नुकसान होतंय. दाव्याचं पहिलं पान महत्त्वाचं, कारण त्यावर प्रतिवादीचं पूर्ण नाव, वय, धंदा आणि पत्ता असतो, जे सगळं ॲपवर मिळेलच असं नाही. खिडकीवरच्या बाई कडक होत्या पण काम चोख, उगाच खेटे घालायला लावले नाहीत, एवढं श्रेय देतो.

दुसरा कागद माझ्या बाजूचा, की २०१७ मध्ये मी कुठे राहत होतो. इथे जुनं रजिस्टर केलेलं लिव्ह अँड लायसन्स कामी आलं. तेव्हा सिडकोत राहायचो, मालकीणबाईंनी ऑनलाइन रजिस्टर केलं होतं, त्याची इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा, होती, तारीख, पत्ता, नावं, सगळं सरकारी. ज्यांना वाटतं नोटरी करून भागवू, रजिस्ट्रेशनचे हजार रुपये वाचतील, त्यांनी हे ऐका. एक तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजेच, तो करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केला तर त्यालाच दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. आणि दुसरं, पुढे कधी असं बालंट आलं तर तीच तुमची साक्ष. सोसायटीची पावती, गॅसचं बिल वगैरे लोक बघून न बघितल्यासारखं करतात, इंडेक्स टूपुढे गप्प बसतात.

मग ॲफिडेव्हिट. कोर्टात किंवा सरकारी ऑफिसात द्यायचं असेल तर स्टँप लागत नाही, पण हे खासगी कंपनीला द्यायचं, म्हणून पाचशेचा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशे झालेत, ते तेव्हा पेपरात वाचून सोडून दिलं होतं, आता खिशाला लागलं.

हे सगळं जोडून नोटीस. मॅडम अजून आरपीएडीच म्हणतात, म्हणजे पोचपावतीसकट रजिस्टर पोस्ट, जरी ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं तरी. नोटिशीत मुद्दा असा घेतला की रिपोर्टची फी मी भरलीय, पावती माझ्या नावावर आहे, म्हणजे मी ग्राहक, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ही सदोष सेवा. मालकाने फी भरली असती तर हे एवढं सोपं नव्हतं. ब्रोकरने फी माझ्या माथी मारली तेव्हा राग आला होता, तीच पावती सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तुम्ही पण असली फी कधी रोख देऊ नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे पण तक्रार टाकून ठेवली.

मला चीड कशाची आली तर असला रिपोर्ट दुरुस्त करून घ्यायला आपल्याकडे सरळ दार नाही. क्रेडिट रिपोर्ट चुकला तर नियम आहे, ३० दिवसांत दुरुस्त करायचा, नाही केला तर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. भाडेकरूच्या रिपोर्टला असलं काही नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात दुरुस्तीचा हक्क लिहिलाय, पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यात पण ही मुख्य कलमं १८ महिन्यांनी लागू, म्हणजे २०२७ उजाडणार. त्यात पुन्हा कायद्याने जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही असं कलम आहे, म्हणजे कंपनीवाले उद्या त्याच्यामागे पण लपतील असं मॅडमचं म्हणणं.

आतेभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे तिकडे हा रोजचाच धंदा आहे, घर नाकारलं तर मालकाला कुठल्या कंपनीच्या रिपोर्टवरून नाकारलं ते सांगावंच लागतं, ६० दिवसांत मागितली तर रिपोर्टची कॉपी फुकट, आणि चूक आहे म्हटलं की कंपनीला साधारण ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. १९७० चा कायदा आहे त्यांचा. पण तोच म्हणाला की तिकडे नुसती केस दाखल झाली तरी ती सात वर्षं रिपोर्टमध्ये मागे लागू शकते, हरलात की जिंकलात कुणी विचारत नाही. कॅलिफोर्नियाने म्हणून २०१७ पासून असं केलंय की मालक ६० दिवसांत जिंकला नाही तर केस लोकांना दिसतच नाही. आपण तिकडचं रिपोर्टचं खूळ तेवढं आणलं, तक्रारीचं दार तिकडेच राहिलं.

नोटीस गेल्यावर मात्र बॉट गेला आणि माणूस आला. एका मुलीचा फोन, गोड आवाज, "सर, मिडल नेम मिसमॅच झालं होतं." मी म्हटलं मिसमॅच व्हायला आधी विचारायला तर पाहिजे ना. सुधारित रिपोर्ट आला, त्या जागी 'नो रेकॉर्ड फाउंड'. सॉरी नाही. आधीचा रिपोर्ट आणखी कुणाकुणाला गेला ते लेखी मागितलं, त्यावर अजून गप्प. फी परत केली, ती मी मागितलीच नव्हती, त्यावरून काय ते समजा. पंचवटीवाल्याच्या रिपोर्टमध्ये पण 'विथड्रॉन' लिहा असं मी मेलमध्ये टाकलंय, ते करतील असं वाटत नाही.

इंदिरानगरचा फ्लॅट तोवर गेला. काकांनी टोकन परत दिलं आणि वर म्हणाले, मुलाचं ऐकावं लागतं बाबा. त्यांच्यावर राग नाही, लाल चौकट बघून कुणीही घाबरेल. फक्त एवढं वाटलं की त्यांनी एकदा फोन करून विचारलं असतं तर मी ॲप त्यांच्यासमोर उघडून दाखवलं असतं. आता पाथर्डी फाट्याला घर मिळालंय, तिथल्या मालकीण मावशींनी गाव कुठलं, वडील काय करायचे, माहेर कुठलं असं अर्धा तास विचारलं आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरून चावी दिली. ती पोलिसांकडची नोंद वेगळी बरं का, तिचा आणि दिवाणी केसचा संबंध नाही, ब्रोकर लोक दोन्ही एकत्र करून सांगतात.

आता ॲपचा एक स्टार का कापला. नावाने शोधायचं तर एका वेळी एकच कोर्ट निवडता येतं, म्हणजे नाशिक झालं, मग नाशिकरोड, मग निफाड, मग मालेगाव, असं जिल्हाभर फिरत बसा. स्पेलिंगचा वैताग, आडनावात 'व्ही' की 'डब्ल्यू', नावाच्या शेवटी 'ए' आहे की नाही, एक अक्षर हललं की केस गायब, सगळी स्पेलिंगं टाकून बघावी लागतात. जुन्या केसेसच्या ऑर्डर कधी अपलोड असतात, कधी नसतात. आणि निकालाचा प्रकार इंग्रजीत कोर्टाच्या भाषेत येतो, तिथे एक ओळ मराठीत लिहिली की 'दावा मागे घेतला, कोणालाही काढलेलं नाही', तर अर्धे घरमालक तिथेच शांत होतील.

बाकी चार स्टार पूर्ण कमावलेत. फोनवर फुकटात केस उघडते, तारखा दिसतात, कुणाला हात जोडावे लागत नाहीत. घर बदलायच्या आधी स्वतःचं नाव टाकून बघा, तुमच्या नावाच्या कुणाची भाड्याची केस सापडली तर सीएनआर लिहून ठेवा आणि ब्रोकरने रिपोर्टचं नाव काढलं की त्याच्या फॉर्मवर वडिलांचं नाव पेनाने घुसवा, रकाना असो नसो.